डिसेंबरात गार, मे महिन्यात गरम: मामाचे कानमंत्र

भाचेबुवा,

परवा संध्याकाळी जेधे चौकात सिग्नलला तुझी स्पिटफायर दिसली. खरं सांगायचं तर आधी गाडी नाही, तिचे फोटो काढणारी पोरं दिसली. मग त्यांच्या मधोमध कानटोपी, मफलर आणि हौसेनं टप खाली घेऊन कुडकुडणारा तू. "मामा, हीटर चालत नाही!" एवढं ओरडलास आणि सिग्नल सुटला. मागच्या बसवाल्यानं हॉर्न वाजवला नसता तर तिथेच बॉनेट उघडायला लावलं असतं.

चाळीस वर्षं स्वारगेटमागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली मी गाड्या खोलल्या. त्यातल्या निम्म्या उगीचच खोलल्या. तुझा तरी तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

"पुण्यात हीटर कशाला?" असं तुला दहा जणांनी विचारलं असेल. त्यांना सांग, १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर आला होता. पण ते चहाच्या टपरीवर फेकायचं उत्तर झालं. खरं उत्तर पसरणीच्या घाटात जुलैमध्ये मिळतं, काच आतून दुधाळ होते आणि पुढचं वळण दिसेनासं होतं तेव्हा. आपल्याकडे हीटर पायांसाठी कमी आणि काचेसाठी जास्त असतो. शिवाय हीटर म्हणजे गाडीचा धाकटा रेडिएटर. तो बिघडला की बहुतेक वेळा थोरल्याचंही काहीतरी दुखत असतं.

पुण्यात हीटरचे आजार दोनच. डिसेंबरात सुरू होत नाही आणि मे महिन्यात बंद होत नाही. दुसरा जास्त छळतो.

आधी गाडीशी नीट ओळख करून घे

१. इंजिन कोणतं आहे ते आरसी बुकात नको, गाडीवर बघ – १९६२ ला स्पिटफायर आली ती ११४७ सीसीची, १९६७ पासून १२९६ आणि शेवटी १४९३. एवढ्या वर्षांत कोणी कोणाचं काळीज कोणाला बसवलंय, काही सांगता येत नाही.

२. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांकडे "स्पिटफायरचं द्या" म्हणू नकोस, "हेरल्डचं काय आहे?" असं विचार – मद्रासला १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेरल्ड हिची थोरली बहीण, त्याच सांगाड्याची लांबी कमी करून ही बेतलीय. नुसतं स्पिटफायर म्हटलं की भाव दुप्पट होतो, ते वेगळंच.

३. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं, म्हणून टायरवर बसून काम कर, वाकून करू नकोस – माझी कंबर फियाटवर गेली. इतकी सोय त्या गाडीत कोणी केलीच नव्हती.

४. पण टायरवर बसण्याआधी हँडब्रेक ओढ आणि मागच्या चाकाला दगड लाव – जुन्या हँडब्रेकवर आणि नव्या जावयावर पहिल्या दिवसापासून भार टाकू नये.

५. जुन्या मालकाला फोन करून हीटर शेवटचा कधी चालला ते विचार – "मला आठवत नाही" असं उत्तर आलं तर समज, कोणीतरी पाइप परस्पर जोडून हीटर बाजूलाच ठेवलाय.

हा पाचवा मुद्दा मी कोणत्या तोंडानं सांगतोय तेही ऐक. सत्तरच्या दशकात एका गृहस्थांची एमजी माझ्याकडे आली. हीटरमधून पाणी गळत होतं. मी तेव्हा तुझ्याच वयाचा आणि तुझ्यापेक्षा शहाणा (असं मला वाटायचं). दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडले आणि म्हणालो, "साहेब, आपल्याकडे याची गरजच नाही." पंधरा मिनिटांचं काम. साहेब जुलैमध्ये सहकुटुंब महाबळेश्वरला गेले आणि पसरणीचा घाट मान खिडकीबाहेर काढून चढले. परत आल्यावर त्यांनी मला काय काय ऐकवलं ते मामीसमोर लिहिता येत नाही. म्हणून तुझ्या गाडीत पाइप असे गळ्यात गळा घालून बसलेले दिसले तर हसू नकोस. कोणीतरी माझ्यासारखाच असणार.

आता पाणी

आजीकडचा तांब्याचा बंब आठवतो? आत पाणी उकळतंय, पण तोटी बंद असेल तर बादलीत काय येणार? तुझ्या गाडीत इंजिन म्हणजे बंब. हेडच्या मागच्या अंगाला एक व्हॉल्व्ह आहे, ती तोटी. तिथून गरम पाणी पाइपनं डॅशबोर्डखालच्या खोक्यात जातं, तिथल्या छोट्या जाळीतून फिरतं आणि दुसऱ्या पाइपनं वॉटर पंपाकडे परत येतं. पंखा त्या जाळीतून हवा ढकलतो, एवढंच. यात जादू कुठेच नाही, म्हणून घाबरायचंही कारण नाही.

६. रेडिएटरची टोपी गार इंजिनावरच उघड, आणि तेव्हासुद्धा फडकं धरून – माझ्या उजव्या हातावरचा डाग तू लहानपणी विचारायचास ना, तो कात्रजच्या घाटातला आहे. दहा मिनिटं थांबायचा कंटाळा केला होता.

७. सगळ्यात आधी पाण्याची पातळी बघ – हीटर उंचावर बसतो, पाणी कमी झालं की पहिली तहान त्यालाच लागते.

८. पाणी भरलं आणि आठवड्यात पुन्हा कमी झालं तर हीटर विसर आणि गळती शोध – भांडं फुटकं असेल तर चूल बदलून काय होणार?

९. इंजिन गरम झाल्यावर, हीटर पूर्ण उघडून, त्याचे दोन्ही पाइप हातानं चाचप – पाच पैसे न लागणारी ही तपासणी निम्मा आजार सांगून टाकते. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब ठेव, बाही वर कर.

१०. दोन्ही पाइप गरम असतील तर पाण्याच्या वाटेला जाऊ नकोस – दोष हवेत किंवा वायरीत आहे, पुढे वाच.

११. एक गरम आणि एक गार असेल तर पाणी दारापर्यंत आलंय पण घरात शिरत नाही – जाळी गाळानं भरलीय किंवा आत हवा अडकलीय.

१२. दोन्ही गार असतील तर आधी व्हॉल्व्ह बघ – दहापैकी सात वेळा तोच गुन्हेगार असतो. उरलेल्या तीन वेळा मी त्याच्यावर उगाच आळ घेतलाय.

१३. परतीचा पाइप जरासा कमी गरम असेल तर ते ठीकच – हीटरनं आपलं काम केलं, ऊब ठेवून घेतली.

१४. काटा मधल्या खुणेपर्यंत चढतच नसेल तर थर्मोस्टॅट आहे का ते बघ, कसा आहे ते नंतर – "गरम देशात कशाला हवा?" म्हणून तो काढून फेकणारे मिस्त्री मी पाहिलेत, आणि एके काळी मीही त्यांतलाच होतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन अर्धवट गार चालतं, आतून झिजतं, आणि हीटरमधून कोमट फुंकर येते.

१५. थर्मोस्टॅट तपासायचा तर दोरीला बांधून पाण्याच्या पातेल्यात टांग, थर्मामीटर ठेव आणि गॅस लाव – ८२ आकडा कोरलेला असेल तर त्याच्या आसपास तो उघडू लागायला हवा. तळाला टेकू देऊ नकोस, भांड्याचा तळ पाण्यापेक्षा तापतो आणि खोटं बोलतो.

१६. त्यासाठी सूनबाईचं दुधाचं पातेलं घेऊ नकोस – याचं कारण मी लिहायची गरज नाही.

१७. थर्मोस्टॅट काढलास तर गॅस्केट नवंच घाल, जुनं "चालेल" म्हणून चिकटवू नकोस – स्वस्त गॅस्केटनं महाग रविवार खाल्लेला मी पाहिलाय.

१८. टोपीवर दाबाचा आकडा असतो, तो पुस्तकाशी जुळव – दाबाचा प्रत्येक पौंड पाण्याचा उकळबिंदू सुमारे दीड अंशानं वर नेतो. उघड्या भांड्यात पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं आणि साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात साडेपंचाण्णवच्या आसपास. म्हणजे सैल टोपी नेमकी घाटमाथ्यावर दगा देते.

१९. आणि जास्त दाबाची टोपी "जास्त चांगली" समजून लावू नकोस – साठ वर्षांच्या जाळीला विशीतला रक्तदाब सोसत नाही.

त्या व्हॉल्व्हबद्दल जरा सविस्तर

आपल्याकडे हीटर वर्षातले बहुतेक महिने बंद असतो. न वापरलेला व्हॉल्व्ह आतून हिरवा पडतो, क्षार धरतो आणि असेल त्या जागी जाम होतो. बंद असताना जाम झाला तर डिसेंबरात तू कुडकुडतोस. अर्धवट उघडा राहून जाम झाला तर मे महिन्यात तुझ्या नडग्या भाजतात, आणि तू म्हणतोस, इंजिनाचीच आच येतेय. म्हणजे आजार दोन, पण मूळ एक.

२०. आधी डॅशबोर्डवरच्या मुठीकडून येणारी केबल सोडव, मग व्हॉल्व्हचा दांडा नुसत्या बोटांनी हलवून बघ – बोटांनी हलला तर दोष केबलचा, नाही हलला तर व्हॉल्व्हचा. दोघांना एकत्र बांधून ओढलंस तर दोघंही खोटी साक्ष देतात.

२१. डॅशबोर्डवरची मूठ ओढताना दुसऱ्या कोणाला तरी बॉनेटकडे उभं कर – बरेचदा आतली तार हलतच नाही, क्लिप ढिली असल्यानं बाहेरचं आवरणच पुढेमागे सरकतं, आणि आत बसलेल्याला वाटतं काम झालं.

२२. जाम व्हॉल्व्हला पकडीनं पिळू नकोस, गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर सोड – पितळ वाकत नाही, तुटतं. आणि तुटतं ते हेडच्या आत आटे सोडून. हे मी दोनदा केलंय. पहिल्यांदा अज्ञानानं, दुसऱ्यांदा रागानं.

२३. नवा व्हॉल्व्ह बसवताना पहिले तीन फेरे हातानंच फिरव – या गाडीचे आटे इंचाच्या मापाचे, आपल्या बाजारातले बरेचसे मिलिमीटरचे. दोन फेऱ्यांपर्यंत दोघंही गोड बोलतात, तिसऱ्या फेऱ्याला खरं कळतं.

२४. उन्हाळ्यात व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही पाइप गरम लागत असेल तर तो आतून पाणी सोडतोय, बदलून टाक – त्यावर कापड गुंडाळून बसणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवून झोपणं.

२५. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ऊन असो की पाऊस, मूठ दोन-चारदा आतबाहेर कर – अख्ख्या पत्रात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असशील तर ही ठेव. हलता सांधा गंजत नाही, गाडीचा असो की मामाचा.

अडकलेली हवा आणि साचलेला गाळ

२६. पाणी बदललं की हीटर उघडा ठेवूनच भर – बंद ठेवून भरलंस तर हीटरमध्ये हवेचा फुगा बसतो आणि तो हलायला तयार होत नाही.

२७. गाडीचं नाक वर करून उभी कर, गार इंजिनावर टोपी काढ, इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वाट बघ आणि पातळी उतरली की भरत राहा – हवा वर जाते, तिला वरची वाट दे. चढासाठी गुलटेकडीला जाऊ नकोस. नावात टेकडी असली तरी तिथे उतारापेक्षा टेम्पो जास्त. पुढच्या चाकांखाली दोन भक्कम फळ्या पुरतात.

२८. मधूनमधून हीटरचे पाइप हातानं दाब – गुडगुड आवाज आला की समज, हवा निघाली. बाळाला दूध पाजल्यावर पाठीवर थोपटतात तसंच.

२९. हवा काढली आणि ती पुन्हापुन्हा भरतेय, टोपीखाली बुडबुडे थांबत नाहीत, किंवा तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झालाय, तर तिथेच थांब आणि गाडी जाणकाराकडे ने – मग तो हीटरचा विषय राहत नाही, हेड गॅस्केटचा होतो.

३०. जाळी धुवायची तर उलट्या दिशेनं धू, परतीच्या पाइपातून पाणी सोड – गाळ ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं लवकर जातो. पुढे ढकललास तर आणखी घट्ट बसतो.

३१. त्यासाठी गाड्या धुवायचा प्रेशर पंप लावू नकोस, गच्चीवरच्या पिंपातून नळी सोड, तेवढा जोर पुरे – जाळीचे सांधे डाखाचे असतात, ते फुटले तर गाळाबरोबर हीटरही गेला.

३२. पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत धर – लालसर आलं तर गंज, पांढरे कण आले तर क्षार, आणि स्वच्छ आलं तर जाळी निर्दोष, दुसरीकडे बघ.

३३. क्षार असतील तर लिंबाच्या फुलांचं कोमट सौम्य पाणी तासभर भरून ठेव आणि नंतर भरपूर साध्या पाण्यानं धू – किटलीचं कीट जातं, तसंच हेही जातं. कडक ॲसिड नको. ते कीट खाऊन झालं की भांडं खायला घेतं.

३४. पाइप निघत नसेल तर पिळून ओढू नकोस, ब्लेडनं लांबीत चिरून काढ – पाइप शंभर-दोनशेचा, त्याखालची डाखलेली नळी अख्ख्या हीटरची.

३५. नवा पाइप गरम पाण्यासाठीचाच घे आणि जुना तुकडा हातात घेऊन दुकानात जा – बागेची नळी दिसते तशीच, पण पहिल्याच घाटात तिची शेवई होते.

३६. सोसायटीच्या बोअरचं पाणी रेडिएटरला कधी पाजू नकोस. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं निम्मं घाल – नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी तुलनेनं मऊ, बोअरचं जड. आणि पुण्यात कुलंट बर्फासाठी घालायचं नसतं, गंजासाठी घालायचं असतं.

३७. सांडलेलं कुलंट लगेच पुसून जागा पाण्यानं धू, उरलेलं झाकून वर ठेव – ते चवीला गोड आणि पोटात विष. गल्लीतल्या कुत्र्यांना आणि रांगत्या पोरांना हे सांगून कळत नाही.

३८. केबिनमध्ये गोडसर वास, पायाखालचं कार्पेट चिकट, आणि काचेवर पुसूनही तेलकट धुकं – ही तिन्ही एकाच घरची मंडळी. जाळी आत गळतेय. तेव्हा पाइप परस्पर जोडून गाडी घरापर्यंत आण, माझी काही हरकत नाही. फक्त ती जोड तशीच वीस वर्षं ठेवू नकोस.

३९. अशी जाळी फेकू नकोस, जुन्या रेडिएटरवाल्याकडे ने – तांब्या-पितळेला डाख लागतो. नव्या ॲल्युमिनियमसारखं हे टाकाऊ नाही.

हवा

४०. काचेखालच्या, हवा आत घेणाऱ्या जाळीतून पानं काढ – गुलमोहराखाली लावलेली गाडी फोटोत छान दिसते, पण ती बारीक पानं थेट हीटरच्या पोटात जातात.

४१. पंखा फिरतोय पण वारा नाही आणि खडखड येतेय, तर आत घर झालंय असं समज – मला एकदा उंदराचं घरटं सापडलं होतं. एका दैनिकाच्या तुकड्यांचं, अगदी नीटनेटकं.

४२. काचेकडे जाणारे पंख्याचे पाइप दोन्ही टोकांना घट्ट आहेत का ते आडवं पडून बघ – सगळी ऊब डॅशबोर्डच्या मागेच सांडत असेल तर काच कशी सुकणार? ते जुने पाइप कागदासारखे विरतात.

४३. हीटरला दोष देण्याआधी गार वारा कुठून येतो ते शोध. दोऱ्याचा बारीक धागा बोटांत धरून गिअरबॉक्सच्या झाकणाकडे, पेडलांकडे, वायरी जातात त्या भोकांकडे फिरव – धागा हलला की भोक सापडलं. हिच्या गिअरबॉक्सचं झाकण दाबलेल्या पुठ्ठ्याचं. कडा गळालेल्या असतात. उदबत्तीच्या धुरानं आणखी छान दिसतं असं सांगणारे भेटतील, पण कार्ब्युरेटरच्या शेजारी उदबत्ती देवासाठीसुद्धा लावू नये.

४४. ही भोकं रबरानं बुजव, लांबणीवर टाकू नकोस – त्यांतून फक्त गारवा नाही, सायलेन्सरचा धूरही येतो; त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. त्याच कारणानं गॅरेजचं दार लावून इंजिन कधी चालू ठेवू नकोस. इथे मी चेष्टा करत नाही.

४५. पावसात हीटर काचेकडे वळवून खिडकी दोन बोटं उघडी ठेव – आतली ओल बाहेर जायला वाट हवी, नाहीतर तू ओल नुसती गरम करत बसशील.

आणि शेवटी वायर

४६. कामाला हात घालण्याआधी बॅटरीचा अर्थचा टर्मिनल काढ, आणि तो कोणता ते डोळ्यांनी बघ – १९६७ च्या आधीच्या स्पिटफायरला अर्थ पॉझिटिव्ह असतो. "काळी वायर म्हणजे निगेटिव्ह" या भरवशावर मी एक रेडिओ जाळलाय.

४७. अंगठी आणि घड्याळ काढून खिशात नको, घरात ठेव – लग्नाची अंगठी आणि बारा व्होल्टची बॅटरी यांची ओळख झाली की बोट मध्ये सापडतं.

४८. फ्यूज काढून नुसता बघू नकोस, त्याच्या दोन्ही चिमट्यांवरचा हिरवा थर बारीक पॉलिश पेपरनं घास – काच अख्खी असते, तार अख्खी असते, आणि वीज दारातूनच परत जाते.

४९. त्या जुन्या ल्यूकस फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, पण तो सतत १७ अँपिअरच सोसतो आणि ३५ ला उडतो – दुकानदार आकडा वाचून दुसऱ्या पद्धतीचा ३५ चा देतो, मग फ्यूजच्या आधी वायर जळते. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी लावणाऱ्याला तर गाडीजवळ फिरकूच देऊ नकोस.

५०. ब्लोअरची वायर हिरवी असते आणि चावी चालू असतानाच तिच्यात वीज येते – चावी बंद ठेवून टेस्ट लॅम्प लावून मोटर मेली म्हणून जाहीर करणारे थोडे नाहीत. हिरव्या वायरीवर दिवा लागला तर पुढे जा, नाही लागला तर मागे.

५१. वीज येतेय आणि मोटर गप्प, तर आधी अर्थ घास आणि मगच मोटर काढ – गंजलेला अर्थ म्हणजे ऐकू न येणारे आजोबा. चूक बोलणाऱ्याची नसते.

५२. मोटर बोटानं फिरवून बघ. जड असेल तर आसाला थेंबभर तेल, हलकी असूनही गप्प असेल तर कार्बन झिजलेत – कार्बन कोणत्याही मोटर वाइंडिंगवाल्याकडे घासून मापाचे करून मिळतात.

५३. कोणी अर्थ पॉझिटिव्हवरून निगेटिव्ह केला असेल आणि तेव्हापासून पंखा फिरतो पण दम नाही, तर मोटरच्या दोन वायरी उलटसुलट करून बघ – कायमच्या चुंबकाची मोटर उलटी फिरते, बिचारी तक्रार न करता.

हे सगळं करूनही हीटर बधला नाही तरच डॅशबोर्डखालचं खोकं खाली उतरव. मी नेहमी उलटं करायचो. पहिल्या दिवशी खोकं बाहेर, तिसऱ्या दिवशी कळायचं की केबलची क्लिप ढिली होती, आणि मधल्या दोन दिवसांत कुठलातरी स्क्रू शेडच्या गटारात गेलेला असायचा. उतरवायचंच असेल तर दर पायरीला मोबाइलवर फोटो काढ. स्क्रू बाकरवडीच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळे ठेव आणि डब्यांवर लिही. अशा कामाला सोबत हवी, एकट्यानं करू नकोस. आणि घरच्या फोमच्या गादीचा तुकडा कापून आतल्या झडपांना लाव. जुना फोम हात लावताच पीठ होतो.

५४. घाटात काटा वर जायला लागला तर लाजू नकोस, हीटर पूर्ण उघड, पंखा लाव, टप खाली घे आणि जागा सापडली की बाजूला उभा राहा – धाकटा रेडिएटर थोरल्याला तेवढी मदत करतो. मे महिन्यात खंबाटकीत हे करताना शेजारचे वेड्यात काढतील. पुढच्या वळणावर तेच बॉनेट उघडून उभे असतील. मात्र दर वेळी असं करावं लागत असेल तर औषध हे नव्हे.

५५. डिकीत पाच लिटर पाणी, अर्धा इंची पाइपचा हातभर तुकडा, चार क्लिपा आणि एक स्क्रू ड्रायव्हर कायम ठेव – १९४८ पासून धावणाऱ्या एसटीच्या चालकांना मी इथे स्टँडवर वर्षानुवर्षं पाहिलंय. जुने चालक चहाच्या आधी रेडिएटर बघायचे.

५६. जे केलंस ते तारखेसह वहीत लिही – पुढच्या डिसेंबरात तूच विचारशील, "हा व्हॉल्व्ह मी बदलला होता का?"

रविवारी सकाळी आठला ये. जेधे चौकातून वळताना ऐट दाखवू नकोस. ती चोवीस फुटांच्या वर्तुळात गरकन वळते हे मला माहीत आहे, रिक्षावाल्यांना माहीत नाही. आल्यावर इंजिन आधी गार होऊ दे, कामाला गारच हवं. मामीनं पोहे करायचं कबूल केलंय, पण हात घासलेटनं धुऊन स्वयंपाकघरात यायचं नाही अशी तिची अट आहे. आणि येताना दोन फूट पाइप घेऊन ये. माझ्याकडचा गेल्या महिन्यात शेजारच्यांच्या वॉशिंग मशीनला गेला.